कल्पनेला तीसपैकी गुण

परग्रहावरची माणसं महाडला का उतरत नाहीत, या प्रश्नाचा मी चौदा वर्षं अभ्यास केला आहे. ती अमेरिकेत उतरतात, मुंबईत उतरतात, अलीकडे पुण्यातही उतरू लागली आहेत. पण महाड-पोलादपूरच्या माणसाने लिहिलेल्या कथेतसुद्धा ती महाड-पोलादपूरला उतरत नाहीत. एका स्पर्धकाला मी याचं कारण विचारलं. तो म्हणाला, "सर, इथे उतरून ती करणार काय?" हे उत्तर त्याच्या कथेपेक्षा चांगलं होतं, पण नियमाप्रमाणे गुण कथेलाच द्यावे लागतात.

मी महाडच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झालो. आमच्या वाचनालयातर्फे दरवर्षी हौशी लेखकांसाठी विज्ञान आणि अद्भुत कथांची स्पर्धा होते. दोन्ही तालुक्यांतलं कुणीही भाग घेऊ शकतं, कथा बाराशे शब्दांच्या आत हवी. या स्पर्धेचा मी परीक्षक. साहित्यिक म्हणून माझी निवड झाली नव्हती. ज्या सभेत परीक्षक ठरायचा होता, तिथे मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून हजर होतो आणि उठून जायला मला उशीर झाला, एवढंच.

नाही म्हणता आलं नाही, याला दुसरंही कारण होतं. माझा जन्म पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. आमच्या घरात अंगठा सोडून सही करणारा मी पहिला आणि पदवी घेणाराही पहिला. कॉलेजात असताना याच वाचनालयाच्या ग्रंथपालांनी मला पाहिजे तेवढी पुस्तकं घरी नेऊ दिली. ‘नाय’, ‘हाय’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसणारे पुष्कळ होते. ग्रंथपाल हसले नाहीत. त्यांनी फक्त पुस्तकं दिली आणि म्हणाले, "मोठ्याने वाचत जा, जीभ आपोआप वळते." वळली. त्या माणसाचे उपकार मी आजही मानतो. दरवर्षी ऐंशी-नव्वद हौशी कथा वाचून मी ते फेडत आलो. इतकी फेड त्यांनीही मागितली नसती.

बाहेरच्यांना वाटतं, परीक्षक म्हणजे आरामखुर्चीत बसून कथांचा आनंद घेणारा माणूस. कामाची रीत अशी असते. कथा आल्या की वाचनालयात त्यांच्यावर क्रमांक पडतो आणि नाव-पत्त्याचा कागद वेगळा काढून ठेवतात. हे गुप्ततेसाठी. महाडसारख्या गावात ही गुप्तता फार तर दुपारपर्यंत टिकते, कारण निम्म्या तालुक्याचं अक्षर मीच वळवलेलं आहे. मग गुण: कल्पनेला तीस, भाषेला तीस, रचनेला वीस, विज्ञानाला पंधरा आणि नीटनेटकेपणाला पाच. नीटनेटकेपणाचे पाच बहुतेकांना पूर्ण मिळतात. आमच्याकडे कल्पना कमी असली तरी समास सोडायची शिस्त चांगली आहे.

नवख्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. अद्भुत कथेत एक अशक्य गोष्ट चालते, एकच. सावित्री नदी उलटी वाहू लागली असं लिहा, मी मान्य करीन. पण नदी उलटी वाहत असतानाही पोलादपूरची एसटी उशिराच आली पाहिजे आणि कंडक्टरकडे सुटे पैसे नसले पाहिजेत. वाचक नदीवर विश्वास ठेवतो तो कंडक्टरमुळे. हे ऐकून सगळे माना डोलावतात, घरी जातात आणि नदी उलटी वाहवून, एसटी उडवून, कंडक्टरला यंत्रमानव करून कथा पाठवतात.

शेवटाबद्दल तर बोलायलाच नको. "तेवढ्यात त्याला जाग आली आणि तो सगळा भास होता." ही ओळ मी इतक्या वेळा वाचली, की सहाव्या वर्षी मी रबरी शिक्काच करून घेतला: ‘शेवटी जाग आली’. शिक्का मारला की कल्पनेचे दहा गुण वजा. त्यामुळे माझा बराच वेळ वाचला. जाग येण्याचं प्रमाण मात्र कमी झालं नाही. एका गृहस्थांनी शिक्क्याबद्दल ऐकून शेवट बदलला. त्यांच्या नायकाला जाग येते आणि कळतं की जागं होणं हेही स्वप्नच होतं. मी शिक्का दोनदा मारला.

आमचे ठरलेले स्पर्धक म्हणजे पाटकरसाहेब. औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात ते उत्पादन विभागाचे प्रमुख. दरवर्षी त्यांच्या कथेत एक गूढ वायू सुटतो. दरवर्षी सगळे घाबरतात, आणि पंचेचाळिशीतला, देखणा, शांत डोक्याचा एक उत्पादनप्रमुख सिद्ध करतो की वायू निरुपद्रवी होता. खलनायक नेहमी तपासणीला आलेला अधिकारी. मध्ये दीड पान समीकरणं. एकदा मी त्यांना म्हटलं, "साहेब, एखाद्या वर्षी वायू खरोखर वाईट निघू द्या."

ते गंभीर झाले. म्हणाले, "सर, कल्पनेलाही जबाबदारी असते."

आमच्या स्पर्धेची आणखी एक परंपरा म्हणजे उत्तेजनार्थ बक्षिसं. मी आलो तेव्हा दोन होती, आता अकरा आहेत. विश्वस्तांची नातवंडं वाढत गेली तशी तीही वाढली. शिवाय पहिलं महाडला गेलं तर दुसरं पोलादपूरला, असा एक अलिखित समतोल. सहावीतल्या एका मुलाने ‘अस्तित्वाची पोकळी’ या विषयावर लिहिलं होतं. त्याच्या वडिलांची वकिली चांगली चालते. मी त्या मुलाला विचारलं, "पोकळी म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "पप्पांना विचारून सांगतो." उत्तेजनार्थ सातवं.

हे सगळं मी हसत चालवून घेत होतो. मग मोबाइल कथा लिहू लागला.

त्या कथा ओळखायला सोप्या. सगळ्यांच्या नायकाचं नाव आरव आणि शास्त्रज्ञबाईंचं डॉ. मीरा. डॉ. मीराच्या डोळ्यांत नेहमी ‘एक वेगळीच चमक’. प्रत्येक कथेच्या शेवटी माणुसकी जिंकते आणि ‘ही तर फक्त सुरुवात’ असते. शुद्धलेखनाची एक चूक नाही आणि पायाखाली जमीनही नाही. एका पठ्ठ्याने तर मोबाइलवरचं सगळंच्या सगळं उतरवलं होतं. कथेखाली त्याच्या वळणदार अक्षरात होतं: ‘हवी असल्यास मी याची अधिक भावनिक आवृत्ती देऊ शकतो.’ मी समासात लिहिलं, ‘नको.’

गेल्या वर्षी अशा चार मी पकडल्या. चौघांनीही नंतर कबूल केलं. त्यामुळे मला थोडा गर्व चढला, हे आता मान्य करतो. वाचनालयात लोक मला थांबवून विचारू लागले, "सर, तुम्हाला कळतं कसं?" मी नाकावरचा चष्मा सावरून म्हणायचो, "अनुभव."

आमचे अध्यक्ष अण्णाशेठ यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. ते म्हणाले, "सर, नुसतं बाद करून भागायचं नाही. जरब बसली पाहिजे. नावं लावा बोर्डावर, गावासकट." मी यादी केली. शीर्षक दिलं: ‘स्वतःचे लेखन नसल्याने बाद’. दर्शनी फलकावर वर्तमानपत्रांच्या शेजारी ती लावली.

यादीत नावं पाच होती.

पाचवं नाव सुनंदा कदम. पोलादपूरकडच्या एका डोंगरवाडीतल्या अंगणवाडीच्या सेविका. त्यांच्या कथेचं नाव ‘पर्वताची उपस्थिती’. एका गावात पावसाळ्यात रोज सकाळी एक मुलगी डोंगराची हजेरी घेते. एकेका दगडाचं, एकेका झाडाचं नाव पुकारते आणि ते ‘हजर’ म्हणतात. एका सकाळी देवळामागचा मोठा दगड उत्तर देत नाही. म्हातारी माणसं म्हणतात, निघा. तरणी म्हणतात, दगड कधी बोलतो का. शेवटी गाव निघतं. खाली रस्त्याकडेला पत्र्याच्या घरांत राहू लागल्यावरही ती मुलगी सवयीने हजेरी घेते आणि त्या दगडाचं नाव पुकारते. पत्र्याच्या मागून आवाज येतो, ‘हजर’.

तळीयेवर दरड कोसळल्यापासून पावसाळ्यात आमच्या सगळ्या वाड्यांचे कान डोंगराकडे असतात. ही कथा कुठून आली असेल, ते मला कळायला हवं होतं. मी चौदा वर्षं मागत होतो ती एकच अशक्य गोष्ट आणि भोवती सगळं शक्य, हे तिच्यात होतं. पण मी काय पाहिलं? भाषा पाहिली. ‘शिळेने प्रत्युत्तर दिले नाही.’ ‘ग्रामस्थांच्या मुखावर चिंतेची छाया पसरली.’ कुठे काना-मात्रा चुकलेली नाही, वाक्याला इस्त्री केलेली. आणि यादी करताना वेगळ्या कागदावर पाहिलेला पत्ता माझ्या वाडीपासून दोन खोऱ्यांपलीकडचा. मी तिकडचाच. तिकडून असं मराठी खाली येत नाही, हे मला ठाम माहीत होतं. मी स्वतः तिकडून आलो होतो, ते सोयीने विसरलो.

यादी लागल्यावर आठव्या दिवशी, रविवारी सकाळी सुनंदाताई माझ्या घरी आल्या. पस्तिशीच्या असतील. सोबत त्यांची सासू आणि हातात कापडी पिशवी. बसायला सांगितलं तरी ताई उभ्याच राहिल्या.

"सर, ती कथा माझी हाय."

मी ठेवणीतलं बोललो. सगळेच असं म्हणतात, मनाला लावून घेऊ नका, पुढच्या वर्षी पुन्हा भाग घ्या.

"पुढच्या वर्षाचं नाय विचारत मी," त्या म्हणाल्या. "मी पोरांची वजनं घेते. कुठल्या पोराचं वजन कमी भरलं ते लिवते, त्यावर त्याचा खाऊ ठरतो, डॉक्टरकडे न्यायचं ठरतं. तुमची यादी कुणीतरी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकली. परवा एका पोराच्या बापाला सांगितलं, ह्याला खाली दवाखान्यात दाखवा. तो म्हनाला, ‘बाई, हे वजन तू लिवलंस का मोबाइलनं?’ सगळे हसले. पोराला नाय नेला त्यानं."

सासूबाई खुर्चीच्या कडेवर बसून माझ्याकडे बघत होत्या. "दाखव गो त्याला," त्या म्हणाल्या.

ताईंनी पिशवीतून कागद काढले. जुन्या कॅलेंडरची पानं, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेली. तीच कथा पण तीन वेळा लिहिलेली. पहिल्या खर्ड्याचं नाव ‘डोंगराची हजेरी’. मी वाचू लागलो. ‘धोंडा बोललाच नाय. पोरीनं परत हाक मारली. धोंडा गप. म्हातारी म्हनली, रागावला नसंल, तो निघालाय.’

मी तिथेच थांबलो. ‘तो निघालाय’ हे वाक्य माझ्याकडे आलेल्या कथेत नव्हतं. तिथे होतं: ‘शिळेचे मौन अनाकलनीय होते.’

"हे का बदललंत?" मी विचारलं.

"तुमचा चार नंबरचा नियम," ताई म्हणाल्या. "‘कथा शुद्ध प्रमाण भाषेतच असावी, बोलीभाषेतील कथा बाद होतील.’ मंग मी शाळेतली जुनी पुस्तकं काढली नि त्यातले शब्द घातले. दोन महिने लागले."

तो नियम मी केला होता. पहिल्याच वर्षी, स्वतःहून, कुणी सांगितलेलं नसताना. तेव्हा मला वाटलं होतं, आपल्या डोंगरातल्या मुलांचं यात भलं आहे. कुणी त्यांना हसायला नको.

सासूबाईंनी चहा बशीत ओतला. "तू धोंडूचा ना रं? खालच्या वाडीतल्या?"

"हो."

"वाटलंच. बापूस तुझा असाच मान खाली घालायचा, पन चुकलं तर लगेच म्हनायचा, चुकलं म्हनून." त्यांनी बशी तोंडाला लावली. "तू शिकलास. बरं झालं."

मी घाईघाईने म्हटलं, "ताई, मी आजच अध्यक्षांशी बोलतो. उत्तेजनार्थ बारावं बक्षीस..."

"बक्षीस नको," ताई म्हणाल्या. "यादी आठ दिवस होती. चूक झाली असं लिवलेलं त्याच जागी आठ दिवस राहू दे. त्याचा फोटो मी काढीन नि ग्रुपवर टाकीन."

मी तसाच उठून अण्णाशेठच्या दुकानात गेलो. ते एका गिऱ्हाइकाला कडीकोयंडा दाखवत होते. सगळं ऐकून म्हणाले, "यादीतलं नाव खोडा गुपचूप. कोण बघतंय?"

"आठ दिवस सगळे बघत होते."

"अहो, पहिलं बक्षीस पाटकरांना जाहीर झालं. सन्मानचिन्हावर नाव कोरून झालं. आता परीक्षक चुकला म्हटलं तर उद्या वकीलसाहेब विचारतील, माझ्या पोराचं सातवं कसं? मग अकराच्या अकरा येतील." यात तथ्य होतं. शेवटी ते म्हणाले, "लावा, पण जरा जपून लिहा. तुम्हाला काय शब्दांची वाण आहे?"

नव्हतीच. मी दुपारभर बसून निवेदन तयार केलं आणि खरं सांगायचं तर ते मला आवडलं. ‘परीक्षण समितीकडून अनवधानाने झालेल्या त्रुटीमुळे श्रीमती सुनंदा कदम यांच्या नावाचा यादीत समावेश झाला होता. सदर कथा त्यांची स्वतःची असल्याचे निदर्शनास आले आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल समिती दिलगीर आहे.’ भाषेला मी तीसपैकी अठ्ठावीस दिले असते. पुढच्या स्पर्धेच्या पत्रकातून चौथा नियम काढायचा असंही त्याच बैठकीत लिहून टाकलं. सोमवारी सकाळी वाचनालय उघडताच यादी काढली आणि त्या जागी निवेदन लावलं.

दहा वाजता दोघी आल्या. वर्तमानपत्रं वाचणारे पाच-सहा जण नेहमीच्या बाकांवर होते. त्यात सुट्टीवर असलेले पाटकरसाहेबही होते. ताईंनी निवेदन वाचलं आणि फोटोसाठी मोबाइल काढला.

सासूबाईंनी त्यांचा हात खाली केला. "थांब गो. मला कुठं वाचता येतंय. मास्तर, तूच वाच."

"ताई वाचतील की."

"तिनं नाय लिवलं ते. लिवलं त्यानं वाचावं."

मी वाचू लागलो.

"मोठ्यानं वाच. मला ऐकू कमी येतं."

मी मोठ्याने वाचलं. बाकांवरची वर्तमानपत्रं खाली आली. निदर्शनास आले आहे, गैरसोय, दिलगीर, सगळं वाचलं. चौदा वर्षांत लोकांच्या वाक्यांवर मी पेन्सिल चालवली, पण माझं वाक्य असं उघड्यावर उभं राहून कधी ऐकलं नव्हतं. पोकळ वाजत होतं.

म्हातारीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "समिती म्हंजे कोन?"

"आमची मंडळी. अध्यक्ष, सचिव, विश्वस्त."

"त्यांनी वाचली व्हती हिची कथा?"

"नाही."

"मंग कुनी वाचली?"

"मी."

"कथा हिची नाय, असं कुनी म्हटलं?"

"मीच म्हटलं."

"मंग ह्यात तू कुठं हायेस?" म्हातारीने फलकाकडे बोट केलं. "सगळं वाचलंस, तुझं नाव कुठं आलं नाय. हिचं तेवढं आलं."

पाटकरसाहेब खाली बघत होते. ताईंनी मोबाइल पिशवीत परत ठेवला, म्हणजे हा फोटो त्या काढणार नव्हत्या. मी निवेदन फलकावरून काढलं, ग्रंथपालांच्या टेबलापाशी गेलो आणि कोरा कागद मागितला. या वेळी तीन ओळी पुरल्या. ‘सुनंदा कदम यांची कथा त्यांनीच लिहिली आहे. ती त्यांची नाही असं मी म्हटलं. ही माझी चूक आहे.’ खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, आणि यादीत त्यांच्या नावापुढे वाडीचं नाव होतं म्हणून माझ्या नावापुढे माझ्या वाडीचंही.

तो कागद लावला आणि कुणी सांगायच्या आत मोठ्याने वाचून दाखवला. म्हातारीने मान हलवली. ताईंनी फोटो काढला, कागद नीट आला आहे ना ते बोटांनी मोठं करून पाहिलं आणि तिथेच उभं राहून तो गावच्या ग्रुपवर टाकला.